सुशीलक्काचे चौकोनी हिरे

फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. मी व्हाइटफील्डच्या ऑफिसात कॉफीचा कप हातात धरून खिडकीशी उभा होतो. पलीकडून विमलताई बोलत होत्या, माझ्या घरमालकिणीची, सुशीलक्काची, धाकटी बहीण. "शिरीष, अक्का उठंना झालीय... कॉफी ठेवून हाक मारली, तर नुसती झोपलेलीच आहे. तू येतोस काय?" त्यांचा आवाज रडवेला नव्हता. कुणाला तरी जागं करायचं आहे आणि मोठ्यानं बोलायची भीती वाटते आहे, असा होता. मी कप तसाच ठेवून निघालो. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून मल्लेश्वरमला पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो. त्या सगळ्या वेळात मी अक्काचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो आणि तो येत नव्हता. हात येत होते. खिडकीतल्या उजेडात टेबलावर टेकलेलं मनगट, पेनाच्या टोकाला लागलेला तिळाएवढा दाणा, आणि तो जागेवर बसेपर्यंत तिनं धरून ठेवलेला श्वास... या गोष्टीला आता दीड महिना झाला. वरच्या मजल्यावरून उतरताना मी अजून पायरीवर थांबतो.

अक्का मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरूला आली आणि इथल्या एका घड्याळांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं जुळणीच्या खात्यात काढली. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं मोहरीहूनही बारीक चक्रं जागच्या जागी बसवायची. पुढे कारखाना बंद झाला, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मल्लेश्वरमच्या एका आतल्या गल्लीत तिचं बैठं घर आणि वर दोन खोल्या. त्या खोल्यांत मी पाच वर्षांपूर्वी राहायला आलो. बायको आणि मुलगी मुलीच्या शाळेसाठी नागपूरला, आणि मी इथे एकटा. सुरुवातीला मी तिला "अक्का, तुम्ही" म्हणायचो. एकदा तिनं जिन्यातच अडवलं. "अक्का म्हणतोस आणि वर तुम्ही कसलं रे? एक काय ते ठरव." मी अक्का ठरवलं.

तेव्हा माझा रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या देतो, पण जरा स्वस्थ बसायला शिका. मला स्वस्थ बसता यायचं नाही. शनिवारी सुट्टी असली तरी मी वर फेऱ्या मारायचो आणि खाली अक्काला माझी पावलं ऐकू यायची. एका शनिवारी तिनं छताला झाडूच्या दांड्यानं ठोकून मला खाली बोलावलं. समोरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी मोठं टेबल होतं आणि त्यावर एक कापड पसरलेलं. अर्धं चमचमणारं, अर्धं बारीक खुणांनी भरलेलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती दीड महिना घरात अडकली होती, तेव्हा कुणीतरी तिला हा डायमंड पेंटिंगचा संच दिला होता. चिकट कापडावर छापलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात एक खूण, प्रत्येक खुणेचा एक रंग, आणि त्या रंगाचे प्लास्टिकचे पैलूदार खडे. खुणा बघून खडे बसवत जायचं, की चित्र उमटतं. हिरे कसले, ती त्यांना दाणेच म्हणायची. मी म्हटलं, "पण हे तर आधीच ठरलेलं आहे सगळं. यात आपलं काय?" ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "आपलं काहीच नाही, तेच तर बरं आहे. दिवसभर ठरवत असतोस ना ऑफिसात? इथं नको ठरवूस. स्वल्प, जरा बस."

बसलो. पहिल्या दिवशी तिनं मला एकही दाणा लावू दिला नाही. यादी समोर ठेवून पाकिटं मोजायला लावली, एखाद्या रंगाचं आलंच नसलं तर शेवटी हळहळायला नको म्हणून. मग कापडाच्या घड्या जाव्यात म्हणून ते पालथं घालून त्यावर जाड पुस्तकं ठेवली आणि म्हणाली, "आता उद्या ये." दुसऱ्या दिवशी मी आल्या आल्या कापडावरचा प्लास्टिकचा पापुद्रा सगळाच सोलायला गेलो, तर तिनं मनगटावर फटका मारला. पापुद्रा तळहाताएवढाच उघडायचा. तेवढं भरून झालं की पुढचा तळहात. उघड्या गोंदावर धूळ बसते, केस पडतो, पोळीच्या पिठाचा हात लागतो, आणि मेलेल्या गोंदावर दाणा टिकत नाही. सुरुवातीला मला तिनं गोल दाण्यांचा संच आणून दिला. गोल दाणे चूक पोटात घालतात. चौकोनी दाण्यांत मात्र एक तिरका बसला की पुढची ओळच्या ओळ त्याच्यासारखी होते. ती स्वतः चौकोनीच करायची.

बाकीचं तिनं शिकवलं असं नाही, ते तिच्या शेजारी बसून अंगात उतरलं. एका वेळी एकच रंग काढायचा. तबकडीत थोडेसेच दाणे ओतून ती अलगद हलवायची, सुपात तांदूळ पाखडावेत तशी, की ते आपोआप पैलूची बाजू वर करून ओळीत लागतात. दाणे उचलायच्या पोकळ पेनाच्या टोकात गुलाबी मेण भरायचं ते नखाएवढंच आणि भरण्याआधी चिमटीत मळून ऊबदार करायचं. दाणा उचलेनासा झाला की जोर लावायचा नाही, मेण बदलायचं. उजेड डाव्या हाताकडून हवा. पंखा बंद हवा, आणि याबाबतीत बेंगळुरूची हवा आपल्या बाजूची आहे, असं ती समाधानानं म्हणायची. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत दाणे पेनावर बसण्याऐवजी बोटांवर उड्या मारायला लागले, की ती तबकडी ओलसर फडक्यानं पुसून घ्यायची आणि ते शहाण्यासारखे वागायला लागायचे. आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचंच. उठून दारात जायचं, मान सैल सोडायची आणि गल्लीच्या टोकाच्या सोनचाफ्याच्या शेंड्याकडे बघत राहायचं. "डोळ्यांना पण लांब जायला आवडतं रे," ती म्हणायची.

त्या शनिवारांचं मला आता नीट काही सांगता येत नाही... ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. समोरच्या झाडांना गुलाबी बहर यायचा आणि रस्ता गुलाबी होऊन जायचा. भाजीवाल्याची हाक लांबून जवळ यायची आणि जवळून लांब जायची. आम्ही दोघं बोलायचो नाही. खिडकीतला उजेड टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत जायचा आणि त्याच्याबरोबर चित्रातलं पाणी, पानं, एखाद्या पक्ष्याचा गळा उजळत जायचा. मग कधीतरी ती आत जाऊन कॉफी आणायची आणि पहिला घोट घेताना माझ्या लक्षात यायचं, की दोन तास मी कशाचाच विचार केलेला नाही. माझा रक्तदाब त्यामुळे उतरला की गोळ्यांमुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिनं एक जुना फोटो बाहेर काढला. कृष्णधवल, कोपरा दुमडलेला. मधे खुर्चीवर त्यांची आई, एका बाजूला दहा वर्षांची सुशीला, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांची विमल. विमल हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अक्का बेंगळुरूला आली, शिकली, नोकरीला लागली, आणि धाकटी निपाणीतच राहिली, आईपाशी. आईचं दुखणं सगळं तिनं एकटीनं काढलं. आई गेली तेव्हा अक्का पोचली ती उशिरा. सगळं आटपल्यानंतर विमल तिला म्हणाली, "पाहुण्यासारखी आलीस, तशीच जा." त्याला अकरा वर्षं झाली होती. दोघींमध्ये ना फोन, ना पत्र. अक्का हे सांगत होती तेव्हा तिची मान खाली होती आणि ती मेण मळत होती. "चूक तिची नाही," एवढंच म्हणाली.

तिला त्या फोटोचं चित्र करून विमलला पाठवायचं होतं. ती ओळखीच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसली, तिथल्या माणसाला एकेक रंग सांगून फोटो रंगवून घेतला आणि मग त्यावरून कापड छापून मागवलं. पहिल्यांदा लहान मागवलं. ते आल्यावर आम्ही उलगडलं तर आईच्या सगळ्या चेहऱ्याला मिळून दहा-बारा चौकोन. अक्का हसत सुटली. "आईला नाकच आलं नाही की रे!" माणसांच्या फोटोचं चित्र करायचं तर कापड मोठं हवं आणि चेहरे जवळून घेतलेले हवेत, हे आम्ही असं शिकलो. दुसरं आलं ते अर्ध्या टेबलाएवढं. जवळ वाकलं की नुसते मातकट, तांबूस, करडे चौकोन. दारापर्यंत मागे गेलं की आई दिसायची. अक्का दिवसातून कितीदा तरी दारापर्यंत मागे जायची.

आई झाली, खुर्ची झाली, दहा वर्षांची सुशीला झाली. विमलची बाजू मात्र तिनं तशीच ठेवली होती. मी विचारलं की "होईल सावकाश" म्हणायची. आणि मग तिचा उजवा हात मांडीवर असताना आपोआप हलायला लागला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गंमत अशी, की मांडीवर थरथरणारा तो हात पेन उचलला की शांत व्हायचा. काही महिने त्यावरच ती खूश होती. "बघ, याला काम पाहिजे, बाकी काही नाही." पेन धरायला सोपं जावं म्हणून मी त्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून जाडजूड करून दिलं. पण हळूहळू बोटंच जड झाली. एका तासात चाळीस दाणे, मग पंधरा, मग चार. एकदा मी आत आलो तर ती तिरका बसलेला दाणा आपल्या कारखान्यातल्या चिमट्यानं काढायचा प्रयत्न करत होती आणि चिमटा तबकडीवर वाजत होता, थांबून थांबून. एकतीस वर्षांत ज्या बाईच्या हातून चक्र कधी तिरकं बसलं नव्हतं... मी म्हटलं, "अक्का, उरलेलं मी करतो." ती म्हणाली, "मागची भिंत कर. विमीला हात लावू नकोस."

भिंत मी भरली. खाली विमलची आकृती तेवढी कोरी राहिली, नुसत्या खुणांची. अक्का टेबलाशी बसून राहायची, काही न करता. एका दुपारी मी तिच्या वहीतून विमलताईंचा नंबर घेतला आणि तिला न विचारता वरच्या खोलीतून फोन लावला. मी कोण, चित्र काय, अक्काच्या हातांना काय झालंय, सगळं सांगितलं. विमलताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग, "अक्कानं सांगितलं काय तुला फोन करायला?"

"नाही."

"मग ठेव."

मी ठेवला. आपण नको तिथे हात घातला, असं वाटून पुढचे आठ दिवस मी अक्काच्या नजरेला नजर देत नव्हतो. आणि नवव्या दिवशी, शनिवारीच, फाटकाशी रिक्षा थांबली. एक ठेंगणी, सावळी बाई कापडी पिशवी घेऊन उतरली आणि चपला काढत दारातूनच म्हणाली, "मी काय भेटायला आले नाही. चित्र बघायला आलेय."

अक्कानं उठायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही. विमलताई तिच्याकडे न बघता सरळ टेबलापाशी गेल्या. आईकडे खूप वेळ बघितलं. मग बोट कोऱ्या जागेवर ठेवलं. "माझं तोंड का भरलं नाहीस?"

"तुझ्या तोंडाला मी आधीपासून भितेय," अक्का म्हणाली.

विमलताईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. अक्काचा मांडीवरचा हात थरथरत होता. तो त्यांनी आता पहिल्यांदा बघितला. खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. "असं कधीपासून होतंय हे? आणि कळवायचं नाही होय?" मी कॉफी करायला आत गेलो आणि मुद्दाम वेळ लावला.

दोन दिवसांसाठी आलेल्या विमलताई राहिल्या त्या राहिल्याच. अक्का सांगायची, त्या लावायच्या. मेण मळ, एवढं नको, पापुद्रा किती उघडलास बघ, झाक तो. "कारखान्यातली मुकादमीण," विमलताई म्हणायच्या. मधेच निपाणीच्या गोष्टी निघायच्या, तंबाखूच्या वखारीचा वास, चिंचा, शाळेतल्या बाई, आईचा मार. आईच्या दुखण्याबद्दलही त्या बोलल्या. एका दुपारी विमलताईंनी ती सगळी वर्षं एका दमात सांगितली, हात न थांबवता, दाणा दाणा लावत. सगळं ऐकून झाल्यावर अक्का म्हणाली, "मी यायला पाहिजे होतं, विमी." विमलताई म्हणाल्या, "हो. पाहिजे होतं." आणि पुढचा दाणा उचलला. हातांना काही काम असलं आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नसलं, की माणसांना बोलता येतं, हे मी त्या टेबलाशी बघितलं.

विमलताईंचे दाणे तिरके बसायचे. सवय नव्हती आणि दमही नव्हता. चेहऱ्याची एक अख्खी ओळ उताराला लागलेली. मला राहवेना. त्या आत गेल्या असताना मी चिमटा उचलला, दोनचार नीट करावेत म्हणून. अक्कानं हातानंच थांबवलं. "राहू दे."

"अक्का, वाकडं दिसतंय."

"दिसू दे की. तिचं तिनं भरलंय." आणि मग माझ्याकडे बघून हसली. "दारातनं बघितलं तर कळत नाही. जाऊन बघ." मी दारापर्यंत गेलो. खरंच कळत नव्हतं.

चित्र पुरं झालं तेव्हा विमलताईंनी त्यावर बटर पेपर ठेवला आणि अक्कानं शेवटचं काम स्वतः केलं. दोन्ही हातांनी लाटणं धरून सगळ्या दाण्यांवरून हळूच फिरवलं, म्हणजे एखादा उचललेला असला तर पक्का बसतो. वरून व्हार्निश लावायला ती कधीच तयार नसायची, चमक मरते म्हणायची. त्यानंतर जेमतेम दोन आठवडे गेले. झोपेतच गेली. मी पोचलो तेव्हा विमलताई पलंगाशी बसल्या होत्या आणि अक्काचा उजवा हात त्यांच्या हातात होता. "बघ," त्या म्हणाल्या, "थांबला."

दिवसकार्य झाल्यावर विमलताई निपाणीला निघाल्या. चित्र गुंडाळताना त्या दाण्यांची बाजू आत घालत होत्या, कुणीही घालेल तशी. मी अडवलं. दाण्यांची बाजू बाहेर ठेवायची असते, आत दुमडली तर दाणे एकमेकांवर चढतात आणि उडतात. त्यांना पटलं नाही, पण ऐकलं. बसमध्ये सामानात ठेवायला तयार नव्हत्या. ती गुंडाळी मांडीवर उभी धरून खिडकीशी बसल्या. आई, सुशीला, विमल, तिघी बाहेरच्या बाजूला, उन्हात. शेजारची बाई वाकून वाकून बघत होती.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. चित्र भिंतीवर लागलंय, पण प्रवासात फ्रॉकचे पाच-सहा दाणे पडलेत, तेवढे भोकासारखे दिसतात. पिस्त्यासारखा रंग आहे, मिळेल का? मी फोन हातात धरूनच खाली गेलो आणि अक्काचं कपाट उघडलं. चित्र झाल्यावर उरलेले दाणे तिनं एकटीनं आवरले होते, दोन दिवस लागले होते तिला, आणि आम्हाला मदत करू दिली नव्हती. आत औषधाच्या रिकाम्या डब्या ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीवर रंगाचा नंबर असेल अशी माझी कल्पना. नंबर होतेच. पण खाली तिनं पेन्सिलीनं आणखी काहीतरी लिहून ठेवलेलं, थरथरत्या, एकमेकांवर कलंडलेल्या अक्षरांत. 'आईचं लुगडं.' 'खुर्चीची सावली.' 'माझी वेणी.' मी एकेक डबी उजेडात धरून वाचत होतो आणि फोनवर विमलताई विचारत होत्या, "आहे का रे? नसला तर राहू दे."

"आहे," मी म्हटलं. "त्यावर लिहिलंय, 'विमीचा फ्रॉक. माझ्या नव्या परकराचं कापड.'"

पलीकडून पावलं वाजली. त्या चित्रापाशी गेल्या असाव्यात.

"नवा होता तो?" विमलताई म्हणाल्या. "आजवर मला वाटत आलं, तिचं जुनंच मला घातलं म्हणून..." मग म्हणाल्या, "तिनं कधी बोलून दाखवलं नाही बघ."

दाणे पाच-सहाच हवे होते. मी डबी तशीच पाठवली, लेबलासकट.